सीओटू मीटर, बरेच महिने वापरून झाल्यावर: मशीन चांगलं, पण तो 400 चा आकडा बदला

काल परत कस्टमर केअरशी वाजलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशानं वायू मोजणारा), स्क्रीन, ॲप ही सगळी माहिती कुठेही मिळते, ती परत देत बसत नाही.

घेतलं कशासाठी, तर एक म्हणजे घरातली हवा. आणि दुसरं, जागतिक बदलांवर एक छोटं वार्तापत्र कित्येक वर्षं काढतोय, त्यात दर महिन्याला हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर जे हवा मोजायचं केंद्र आहे, तिथला कार्बन डायऑक्साइडचा (म्हणजे सीओटूचा) आकडा छापतो, तर तोच वायू आपल्या खिडकीत मोजून बघायची फार इच्छा होती.

सुरुवातीला प्रचंड खूश होतो. दार-खिडकी लावून दोघं झोपलो की पहाटे आकडा 1800 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे तेवढे भाग) पुढे, दार नुसतं किलकिलं ठेवलं तर 900 च्या आत, आणि खिडकी उघडली की आकडा डोळ्यांदेखत खाली येतो, हे बघून घरातल्या सगळ्यांच्या सवयी बदलल्या. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल. फक्त स्वस्तातलं घेऊ नका, त्यात बऱ्याचदा सीओटू मोजणारा सेन्सरच नसतो, दुसऱ्याच वायूंवरून अंदाज मारलेला असतो. सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला आणि आकडा उडाला तर समजा ते तसलंच आहे.

आता मुद्द्याचं. मशीन खिडकीबाहेर ठेवलं, चांगला वारा होता, आकडा 401. दुसऱ्या दिवशी 400. पुढच्या आठवड्यात परत 400. आणि मौना लोआची 2025 च्या मे महिन्याची सरासरी 430 च्या वर! समुद्राच्या मधोमध, जवळजवळ 3400 मीटर उंचावर, जिथे ना गाड्या ना कारखाने, तिथे 430 आणि माझ्या रस्त्यावर 400 कसं येईल?

कारण आहे ऑटो कॅलिब्रेशन. सेन्सरचा आतला दिवा जुना होत जातो तसं रीडिंग सरकतं, म्हणून मशीन साधारण आठवड्याभरातलं सगळ्यात कमी रीडिंग धरतं आणि म्हणतं हीच बाहेरची ताजी हवा, म्हणजेच 400. आता 400 कुठल्या काळातलं? चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानी 1958 साली मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा 315 च्या आसपास होतं, 2013 च्या मे महिन्यात पहिल्यांदा 400 ला टेकलं, आणि 2016 पासून मौना लोआवर एकही महिना 400 च्या खाली गेलेला नाही. वर्षाला अडीचच्या आसपास वाढ धरा, म्हणजे माझं मशीन जगाची दहा वर्षांची वाढ रोज पुसून टाकतंय. दुकानदारानं काटा मारावा तसं हे आहे, आणि ज्या गोष्टीबद्दल मी वर्षानुवर्षं लिहितोय नेमकी तीच गायब.

कंपनीचं उत्तर, "सर, प्लस-मायनस 50 आणि वर रीडिंगचे 3 टक्के, स्पेसिफिकेशनमध्ये बसतं." अहो, प्लस-मायनस म्हणजे कधी वर कधी खाली, हे तर कायम खालीच! तीन वेगवेगळ्या लोकांना हेच समजावलं.

नंतर मेनूत खूप आत ऑटो बंद करायची सोय सापडली. दुपारी वारा असताना बाहेर ठेवलं, आकडा स्थिर होऊ दिला, हातानं 425 सेट केलं. तेव्हा राग बराच उतरला, कारण खरं सांगायचं तर बेडरूममध्ये 1800 असो की 1825, करायचं तेच आहे, खिडकी उघडायची.

पण मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त वाईट आहे. जी खोली कधीच नीट उघडत नाही, तिथे समजा सगळ्यात कमी हवा 600 ची असेल, तर ऑटो त्या 600 लाच 400 म्हणणार आणि पुढची सगळी रीडिंग 200 नी कमी दाखवणार. म्हणजे जिथे हवा कोंडलेली आहे तिथेच मशीन सांगणार सगळं छान आहे. शाळेचा वर्ग, दवाखाना, एसी लावून बंद ठेवलेलं ऑफिस, सगळीकडे हेच होऊ शकतं. त्यामुळे माझं मत आता असं की ऑटो बंदच करून विकायला पाहिजे, आणि ज्याला हवं त्यानं चालू करावं.

बॅटरी ठीकठाक, सारखं रीडिंग घेतलं तर लवकर उतरते, मी पाच मिनिटांवर ठेवलंय.

आणि खिडकीत बसून जागतिक बदल मोजता येईल असं मात्र समजू नका. माझ्या इथेच पहाटे हवा पडलेली असताना 470 आणि दुपारी 425 असं होतं. मौना लोआचं वर्षभरातलं वर-खाली जेमतेम सहा-सात पीपीएम, आणि तिथे उपकरण सतत प्रमाणित वायूच्या (ज्यात सीओटू किती ते आधीच नेमकं माहीत असतं अशा) सिलिंडरशी ताडून बघतात. म्हणून वार्तापत्रात मी अजूनही त्यांचाच आकडा छापतो, माझा नाही.

मला एवढंच हवंय की अपडेटमध्ये 400 च्या जागी चालू वर्षाचा आकडा टाकायची सोय द्या, काही ओळींचं काम असेल. कालचं उत्तर, "सूचना पुढे पाठवली आहे." संध्याकाळी मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. मी ती परत उघडली आहे. पाचपैकी साडेतीन, आणि ऑटो बंद करता येत नसेल असं मॉडेल असेल तर घेऊच नका.