कर्नलमधील मेमरी गळती: केमेमलीकचे स्कॅनिंग की अलॉकइन्फोची मोजणी?

लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) मेमरी गळती, म्हणजे घेतलेली पण परत न केलेली मेमरी, शोधण्यासाठी कर्नलमधल्याच केमेमलीक (kmemleak) आणि अलॉकइन्फो (allocinfo) या दोन साधनांपैकी कोणते वापरावे, हे गळती कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते.

२००९ साली २.६.३१ आवृत्तीत आलेले केमेमलीक हे केमॅलॉक, व्हीमॅलॉक यांसारख्या मेमरी वाटणाऱ्या फंक्शनांनी दिलेल्या प्रत्येक ब्लॉकची (मेमरीच्या तुकड्याची) नोंद ठेवते. स्कॅनच्या आरंभी बहुतेक ब्लॉक पांढरे, म्हणजे संदर्भ न सापडलेले, धरले जातात. मग कर्नलचे डेटा विभाग आणि टास्कचे (चालू कामांचे) स्टॅक, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या माहितीच्या जागा, वाचताना एखादे मूल्य कुठल्या ब्लॉकच्या आतील पत्त्याशी जुळले, तर तो ब्लॉक करडा (संदर्भ सापडलेला) ठरतो आणि पुढे त्याच्यातील मजकूरही त्याच पद्धतीने तपासला जातो. शेवटी पांढरे उरलेले ब्लॉक गळलेले मानून त्यांच्या वाटपाच्या वेळचा कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) अहवालात दिला जातो, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल त्या स्टॅकमध्येच आहे.

या पद्धतीत दोन्ही बाजूंनी चूक संभवते. योगायोगाने पॉइंटरसारखी (मेमरीच्या पत्त्यासारखी) दिसणारी संख्या खरी गळती झाकते. उलट पॉइंटर क्षणभर फक्त प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये असेल, तर खोटा इशारा मिळू शकतो. म्हणूनच ५ सेकंदांहून नवे ब्लॉक अहवालात येत नाहीत आणि दुसऱ्यांदा स्कॅन करणे श्रेयस्कर ठरते. पेज अलोकेटरकडून (ठरावीक आकाराच्या पानांत मेमरी देणाऱ्या कर्नलच्या भागाकडून) थेट घेतलेली पाने मात्र नोंदीतच नसतात. त्याहून मोठी मर्यादा अशी की, ज्या यादीत भर पडत राहते पण काहीच काढले जात नाही, तिचे सर्व घटक पॉइंटरने गाठता येतात, त्यामुळे केमेमलीक त्याबाबत गप्प राहते.

नेमकी हीच वाढ अलॉकइन्फो दाखवते. २०२४ मधील ६.१० आवृत्तीपासून उपलब्ध असलेली ही सोय काहीही स्कॅन करत नाही. सोर्समधील कोणत्या ओळीने घेतलेली किती मेमरी अजून वापरात आहे, याची ती गणती ठेवते आणि त्यात पेज अलोकेटरची पानेही धरते. तिचा भार कमी असतो, परंतु कॉल स्टॅक मिळत नाही आणि वाढ रास्त आहे की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याने चाचणीच्या कर्नलवर केमेमलीक घ्यावे: आधी क्लिअर (जुने इशारे पुसणे), मग मॉड्यूल चालवून काढणे, मग दोनदा स्कॅन. प्रत्येक वाटपावरील नोंदीचा खर्च पाहता चालू सर्व्हरवर ते लावू नये. तिथे काही तासांच्या अंतराने अलॉकइन्फोच्या दोन नोंदी घेऊन त्यांतील फरक पाहावा. वाढणारी ओळ अनेकांच्या वापरातील सामाईक फंक्शनची निघाली आणि मेमरी पानांच्या रूपात घेतलेली असली, तर बूटच्या वेळी पेज ओनर (प्रत्येक पान कोणी घेतले हे नोंदवणारी कर्नलची सोय) सुरू करून स्टॅक मिळवावा.