शहरातला जुना परिसर की वारंग्याची मोकळी जमीन? छोट्या विद्यापीठाने काय बघून ठरवावं

नागपुरातल्या एखाद्या लहान सार्वजनिक विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर किंवा बांधकाम समितीवर तुम्ही असाल, तर हा विषय आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच. सिव्हिल लाइन्स किंवा अमरावती रोडच्या बाजूला जुनी, दाटीची जागा आहे. वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना वारंगा-डोंगरगावच्या भागात मोठी जमीन मिळण्यासारखी आहे. राहायचं की जायचं?

माझी नोकरी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेली, त्यामुळे माझं मत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून झालेलं आहे. ते आधीच सांगून टाकतो. एकर मोजून हा निर्णय घेऊ नका. आपला विद्यार्थी रात्री मुक्कामाला कुठे असतो, ते बघून घ्या.

आपल्या शहराने दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ सालची. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला, पण ती अमरावती रोडवरच्या आपल्या जागेवरच राहिली. याउलट आयआयएम नागपूर २०१५ मध्ये व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात सुरू झालं आणि २०२२ मध्ये मिहान या विमानतळालगतच्या प्रकल्पातल्या दहेगावच्या परिसरात गेलं. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे वर्ग २०१६ मध्ये न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत सुरू झाले होते, आज ते वारंग्याला आहे. कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ तर १९९७ मध्ये स्थापन झालं तेच मुळी रामटेकला.

बैठकीत आयआयएम आणि विधी विद्यापीठाची उदाहरणं हमखास दिली जातात. ते गेले, आपण का नाही? पण तिथली मुलं कॅट किंवा क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन देशभरातून येतात आणि वसतिगृहात राहतात. त्यांना परिसर शहरापासून वीस किलोमीटरवर असला काय, दोनवर असला काय, वर्गाची वाट तेवढीच. आपल्याकडे एमए, एमकॉम, एमएस्सीला येणारी पोरं उमरेड, कुही, काटोल, सावनेरहून सकाळी निघतात आणि संध्याकाळी घरी जातात. या दोन तऱ्हांच्या संस्थांना एकच नियम लावता येत नाही.

रोज ये-जा करणाऱ्यांचा हिशेब

कुहीची मुलगी एसटीने शहरात उतरते. शहरातल्या परिसरात पोचायला तिला पुढे सिटी बस, मेट्रो किंवा शेअर ऑटो मिळतो. वर्ग वारंग्याला असेल तर सीताबर्डीहून ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत जाता येतं, पण तिथून पुढचा मार्ग तिचा तिने बघायचा. बुटीबोरीकडे जाणारा मेट्रोचा दुसरा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला आहे, पण मंजुरीच्या कागदावर बसून कोणी वर्गात पोचत नाही. काटोलहून येणाऱ्याला तर अख्खं शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

आणि खरा प्रश्न परतीचा असतो. शेवटचा तास पाचला सुटला तर गावची शेवटची गाडी मिळेल का, हे घरचे आधी विचारतात. मुलीचा प्रवेश बरेचदा या एका उत्तरावर ठरतो. नवीन परिसरात गेल्यावर एखाद्या विभागातल्या मुली कमी झाल्या, तर अभ्यासक्रमात खोट शोधण्याआधी बसचं वेळापत्रक बघा.

विद्यापीठाने स्वतःची बस लावली तर अडचण बरीच सुटते. फक्त ती दर वर्षीच्या अंदाजपत्रकात धरावी लागते. जमीन एकदा मिळते, डिझेल आणि चालकाचा पगार दर महिन्याला लागतो. प्रस्तावात जमिनीच्या पानामागे हे पान जोडलेलं नसेल तर तो प्रस्ताव अर्धाच आहे.

शिक्षकांच्या बाबतीतही हेच. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसरीकडे असे गाडीवरून फिरतात. त्यांना वारंगा जमण्यासारखं नाही. कायम जागा रिकाम्या असताना विभाग ज्यांच्या जिवावर चालतो, तीच माणसं आपण गमावू. उच्च न्यायालयातले वकील किंवा नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ शहरात एका तासासाठी येतात, तिकडे त्यांचा अर्धा दिवस जाईल. कापूस किंवा शेतीशी जोडलेल्या विभागाला मात्र वर्धा रोड सोयीचा आहे, कारण केंद्रीय कापूस संशोधन संस्था त्याच रस्त्यावर आहे.

जुन्या जागेच्या अडचणी

शहरातली जागा म्हणजे सगळं आलबेल असं मी म्हणणार नाही. तिथे वाढायला वाव नाही. नवी प्रयोगशाळा उभारायची तर झाड आडवं येतं, आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं. माझ्या मते ते योग्यच आहे. पण मग इमारतीचा नकाशा झाडाभोवती काढावा लागतो, हे आधीच मान्य करून चाला.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड्स लागतात, मोर्चे निघतात, रस्ते वळवले जातात. हिवाळी परीक्षांचा काळही साधारण तोच. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटेच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि मोरभवनचं बसस्थानक पाण्यात गेलं. ज्या कार्यालयांचं अभिलेख-दालन तळमजल्यावर आहे, त्यांनी तो दिवस विसरू नये. तिथे जुन्या निकालांचे टी.आर. असतात, म्हणजे सगळ्यांच्या गुणांची नोंद असलेले टॅब्युलेशन रजिस्टर. १९८० च्या दशकात पास झालेल्या माणसाला आज गुणपत्रिकेची दुय्यम प्रत हवी असेल तर डिजिलॉकर कामाला येत नाही. तेच जाडजूड रजिस्टर काढावं लागतं. कडांना पिवळी पडलेली पानं, मध्येच फिकट झालेली शाई, बोट ठेवून आसन क्रमांक शोधायचा. ते भिजलं तर त्या माणसाच्या शिक्षणाचा पुरावाच गेला. परिसर कुठलाही निवडा, ही रजिस्टरं वरच्या मजल्यावर न्या आणि त्यांचं स्कॅनिंग करा.

नव्या जागेचे लाभ उघड आहेत. वसतिगृह, मैदान, मोठ्या प्रयोगशाळा, पुढच्या पन्नास वर्षांची सोय. मात्र आपल्याकडच्या काळ्या मातीचं विसरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्या बेताने घेतला नाही तर कुंपणाच्या भिंतीपासून तडे सुरू होतात. माती परीक्षणाचा अहवाल बघितल्याशिवाय बांधकामाचा आकडा खरा धरू नये. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि सावली देणारं झाड मोठं व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. म्हणून जमीन ताब्यात आली की पहिल्याच पावसाळ्यात झाडं लावावीत, इमारत मागून आली तरी चालेल.

कार्यालय दोन जागी झालं तर

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच. बहुतेक विद्यापीठं ना पूर्ण राहतात ना पूर्ण जातात. थोडं इकडे, थोडं तिकडे होतं. नागपूर विद्यापीठासारख्या १९२३ पासूनच्या मोठ्या संस्थेचा कारभारही रवींद्रनाथ टागोर मार्ग आणि अमरावती रोड असा दोन ठिकाणी राहिलेला आहे. पण ते अंतर शहरातल्या शहरात आहे. वीस किलोमीटरचं अंतर निराळं.

खिडकीवर असं होतं. भिवापूरचे एक गृहस्थ मुलीचं स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना लागणारं मायग्रेशन सर्टिफिकेट, घ्यायला येतात. "भाऊ, सर्टिफिकेट आजच भेटन का?" "काका, पैसे इथे भरायचे, पण सही तिकडच्या ऑफिसातून आणावी लागेल." त्यांचा एक दिवसाचा रोज बुडालेला असतो, आता दुसराही बुडणार. विभाग दोन जागी गेले तरी चालेल, पण एका कामाची फाइल दोन जागी फोडू नका. पैसे, पडताळणी, सही आणि शिक्का एकाच छताखाली हवेत. ती खिडकी शहरातच ठेवावी, असं मी आग्रहाने सांगतो, कारण प्रमाणपत्रासाठी येणारा माणूस वसतिगृहात राहत नाही.

परिपत्रकाचंही तसंच. "कार्यालयीन कामकाज नवीन परिसरात स्थलांतरित करण्यात येत असून सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी" या वाक्याने कोणाचं भलं होत नाही. त्याऐवजी असं लिहा: "१ मार्चपासून पीएच.डी. नोंदणीचे अर्ज नवीन परिसरात, तळमजल्यावरील खिडकी क्रमांक ३ वर घेतले जातील. जुन्या जागी ३१ मेपर्यंत अर्ज स्वीकारणे सुरू राहील." काय हललं, काय राहिलं, कधीपासून आणि कुठली खिडकी, एवढं कळलं की फेरी वाचते. हे परिपत्रक संलग्न कॉलेजांच्या फलकावर आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही गेलं पाहिजे.

मग कौल काय द्यायचा? निम्म्याहून जास्त विद्यार्थी रोज घरी परतत असतील तर शिकवणी शहरातच ठेवा, आणि नव्या जमिनीवर संशोधन, प्रात्यक्षिकं, मैदान असं न्या. बहुतेक मुलं बाहेरगावची आणि राहणारी असतील तर खुशाल जा, पण आधी वसतिगृह, मग वर्ग आणि शेवटी प्रशासन, या क्रमाने. प्रशासकीय इमारत आधी बांधायचा मोह फार होतो, कारण तिचं उद्घाटन चांगलं होतं. तो क्रम मला मान्य नाही.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये पाच वर्षांच्या बृहत् आराखड्याची, म्हणजे नवी कॉलेजं आणि अभ्यासक्रम कुठे हवेत याच्या नियोजनाची, तरतूद आहे. त्याच्या जोडीने विद्यापीठाने स्वतःच्या परिसराचाही टप्प्याटप्प्याचा आराखडा करावा आणि तो अधिसभेसमोर, म्हणजे सिनेटसमोर, ठेवावा. मतदानाआधी दोन कागद मागून घ्या: तालुकानिहाय विद्यार्थ्यांची यादी आणि बसचा वार्षिक खर्च. आणि हलवायची तारीख जून-जुलैत, प्रवेशाच्या गर्दीत पडू देऊ नका. हिवाळी परीक्षांचे निकाल लागले की फेब्रुवारीच्या आसपास खिडकीवर थोडी उसंत असते, सामान तेव्हा हलवा.