रामशेजची अभ्यास-फेरी: वेढा जिंकला कोणी, हे तपासायला शिकवणारी

नाशिकहून पेठ रोडने साधारण 14 किलोमीटरवर आशेवाडी, तिथून रामशेज किल्ल्याची चढण. मार्गदर्शकासह होणारी ही फेरी इतर किल्ले-सहलींपेक्षा उजवी आहे, कारण इथे जयजयकाराआधी हिशेब मांडतात.

पायथ्याशी एक कोरा तक्ता मिळतो. रकाने चार : मूळ हेतू, लागलेला काळ, मोजलेली किंमत, पुढे टिकलेला फायदा. मराठ्यांचा वेगळा भरायचा, मुघलांचा वेगळा. औरंगजेबाच्या फौजेने 1682 मध्ये वेढा घातला तो किल्ला झटपट घेण्यासाठी. मुघल सरदार शहाबुद्दीन खानाला जमलं नाही, त्याच्यानंतरच्या खानजहान बहादूरलाही नाही. लाकडी दमदमा (तोफा चढवायचा उंच मनोरा) उभारूनही किल्ला हाती येईना. अखेर काही वर्षांनी किल्लेदाराला लाच देऊन तो घेतला. म्हणजे काळ आणि किंमत पाहिली तर मुघल हरले, पण ताबा त्यांनाच मिळाला. एकाच वेढ्याचे दोन निकाल असे समोर येतात, आणि ही फेरीची खरी कमाई आहे.

चौथ्या रकान्यात मात्र मार्गदर्शन घसरतं. ‘रामशेजमुळे बादशहाची दख्खन मोहीम अडकली,’ असं ठोकून सांगितलं जातं. पण याच काळात, 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा पडला. एक फौज इथे गुंतली हे खरं, बादशहा थांबला नाही हेही खरं. मराठ्यांचं यश किल्ला लढवण्यात आहे, ते एवढंच मोठं मानावं. त्याला फुगवायची गरज नाही. किल्ल्यातल्या मराठ्यांनी चामड्याने मढवलेल्या लाकडी तोफा वापरल्याची गोष्ट मुघल इतिहासकार खाफीखानाने बऱ्याच वर्षांनी लिहिली, हेही तोफांचा उल्लेख करतानाच सांगायला हवं.

दुसरी उणीव: गुहेतल्या राम मंदिराला भरपूर वेळ आणि वरच्या पाण्याच्या टाक्यांना जेमतेम पाच मिनिटं. वेढ्यात शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, किती दिवस तगेल हे पाणी आणि धान्य ठरवतं, म्हणून हा क्रम उलटा करावा. माथ्यावरून सभोवतालचा उघडा मुलूख दाखवतात, ते उत्तम. दाट जंगलाचा आडोसा नसताना किल्ला लढला, हे डोळ्यांनी पटतं.

चढ सोपा आहे, पण वर सावली कमी. माणशी दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट घ्या. पावसाळ्यात दगड निसरडे होतात. नववीच्या पुढच्या मुलांना जरूर न्या. तक्ता पेन्सिलीने भरायला लावा, खाली उतरेपर्यंत तो किमान एकदा खोडावा लागतो.