रंगाचा वास घालवायला वारा की कोळसा?

दिवाळीच्या तोंडावर रंगकाम काढलं की वासाने डोकं धरतं. भिंतींचं इमल्शन पाण्यातलं, त्याचा वास लवकर विरतो. खरा ताप दारं-ग्रिलच्या ऑइल पेंटचा. त्यातलं टर्पेंटाइन रंग सुकेपर्यंत हवेत उडत राहतं.

वारा फुकट आहे आणि वास थेट घराबाहेर काढतो. पण नुसती खिडकी उघडून भागत नाही. टेबल फॅन खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवायचा आणि समोरचं दार उघडं टाकायचं. छताचा पंखा तीच हवा घुसळत बसतो. रंगवलेल्या कपाटांचे ड्रॉवरही बाहेर ओढून ठेवा, वास तिथे दडून राहतो.

ॲक्टिव्हेटेड चारकोल म्हणजे खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरच्याही वर भरतो. टर्पेंटाइनची वाफ त्याला चिकटते, हे खरं. मात्र त्याच्यापर्यंत पोचेल तेवढीच हवा साफ होणार. म्हणून हॉलमध्ये वाट्या मांडणं म्हणजे शोभा. बंद कपाटात, फ्रिजमध्ये, चपलांच्या स्टँडमध्ये तो चोख काम करतो. शेगडीचा कोळसा स्वस्त, पण बराच कमी शोषतो.

तेव्हा ताज्या रंगाला वाराच, कोळसा नंतर कपाटापुरता. कापलेला कांदा ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने रंगाच्या जोडीला कांद्याचा वास तेवढा येतो. बोंबील तळल्यावर मात्र ओट्यावर, भांड्यांवर लिंबू चोळा. मासळीच्या वासातलं अमाइन हे रसायन लिंबातल्या आम्लाने मरतं.