हरलेल्या सामन्याची फेरतपासणी : ‘मार्च मॅडनेस’ चॅनेलवरील पूर्ण सामन्यांचे परीक्षण

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी एनसीएए ही संघटना दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये बास्केटबॉलची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. स्पर्धेच्या नावाने चालणाऱ्या तिच्या ‘मार्च मॅडनेस’ या यूट्यूब चॅनेलवर जुन्या वर्षांतील अनेक सामने आरंभापासून अखेरपर्यंत विनामूल्य पाहता येतात. ड्यूक विद्यापीठाने केंटकीवर १०४–१०३ असा विजय मिळवलेला १९९२ चा सामना किंवा व्हिलानोव्हाने शेवटच्या क्षणी नॉर्थ कॅरोलिनाला ७७–७४ असे हरवलेला २०१६ चा अंतिम सामना पाहण्यासाठी तेथे जाणारा रसिक मजेसाठी जातो, आणि त्याला या सेवेत खोट काढण्याजोगे फारसे काही सापडणार नाही. प्रस्तुत परीक्षण मात्र वेगळ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिले आहे. ज्याचा संघ वादग्रस्त निर्णयांनंतर एका गुणाने हरला आणि ज्याला तो सामना पुन्हा पाहिल्यावाचून राहवत नाही, अशा चाहत्याला ही सोय कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

माझा संघ म्हणजे अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाचा. ऑबर्नमध्ये अमेरिकन फुटबॉलपुढे दुसऱ्या कशालाही फारशी किंमत नसते, आणि त्या वातावरणात शिकूनही बास्केटबॉलच्या नादी लागलेल्यांची संख्या २०१९ पर्यंत बेताचीच होती. त्या वर्षी प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांच्या संघाने पहिल्या फेरीत न्यू मेक्सिको स्टेटला ७८–७७ असे कसेबसे हरवले आणि त्यानंतर कॅन्सस, नॉर्थ कॅरोलिना व केंटकी या तीन मातब्बर संघांना ओळीने घरी पाठवले. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध जिंकताना चुमा ओकेके या आमच्या सर्वांत गुणी खेळाडूच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तरीही संघ अखेरच्या चौघांत, म्हणजे ‘फायनल फोर’मध्ये पोहोचला, आणि अलाबामा राज्यातील कोणत्याही पुरुष संघाला तोवर हे जमले नव्हते. उपांत्य सामना ६ एप्रिल रोजी मिनियापोलिस येथे ७० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर व्हर्जिनियाविरुद्ध झाला. भारतात तेव्हा रविवारची पहाट उजाडायची होती. व्हर्जिनियाने तो सामना ६३–६२ असा जिंकला आणि दोन दिवसांनी टेक्सास टेकला जादा वेळेत ८५–७७ असे नमवून विजेतेपदही मिळवले.

ज्यांनी हा सामना मुळीच पाहिलेला नाही, त्यांनीही त्याचा शेवट बहुधा पाहिलेला असतो, कारण वादाच्या निमित्ताने फिरणाऱ्या तुकड्यांत तेवढाच भाग असतो. पूर्ण व्हिडिओचा पहिला मोठा लाभ येथेच दिसतो. तुकडे पाहून माझ्या मनात असा सामना तयार झाला होता की जो जणू शेवटच्या सात सेकंदांतच खेळला गेला. सबंध चाळीस मिनिटे शांतपणे पाहिली तेव्हा व्हर्जिनियाच्या संथ, अंगावर न येता वाट अडवणाऱ्या बचावाने आमच्या वेगवान संघाला किती बांधून ठेवले होते ते उमगले. शेवटची पाच मिनिटे उरली असताना आम्ही १० गुणांनी मागे होतो, फलक ५७–४७ असा होता, आणि खरे सांगायचे तर तोपर्यंत व्हर्जिनियाचा संघच विजयाला अधिक पात्र दिसत होता. त्यानंतर ऑबर्नने समोरच्याला एकही गुण न देता सलग १४ गुण मिळवून ६१–५७ अशी आघाडी घेतली. पराभवाच्या चर्चेत या पाच मिनिटांना कोणी विचारत नाही. एखाद्या ऑबर्नच्या चाहत्याने या चॅनेलवर केवळ एकच भाग पाहायचा ठरवले, तर मी त्याला हाच भाग पाहायला सांगेन, आणि ६१–५७ ला थांबण्याची मुभा देईन.

पण थांबवत नाही. व्हर्जिनियाच्या काइल गायने तीन गुणांचा फटका मारून अंतर एका गुणावर आणले. ऑबर्नच्या जॅरेड हार्परला दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, प्रत्येकी एका गुणाचे विनाअडथळा फटके) मिळाले, पैकी एकच पडला आणि फलक ६२–६० झाला. आता व्हर्जिनियाचा टाय जेरोम चेंडू घेऊन घाईने पुढे निघतो, ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेताना, चेंडू त्याच्याच पायावर आपटून निसटतो, तो दोन्ही हातांनी चेंडू धरतो आणि पुन्हा ड्रिबल सुरू करतो. हा डबल ड्रिबल आहे. नियमानुसार तेथेच शिट्टी होऊन चेंडू ऑबर्नला मिळायला हवा होता, पण शिट्टी झाली नाही. सीबीएस वाहिनीचे नियमतज्ज्ञ जीन स्टेराटोरे यांनीही तो डबल ड्रिबलच असल्याचे सांगितले.

येथे यूट्यूबच्या साध्या सोयींची उपयुक्तता कळते. संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या कळा दाबल्या की चित्र एकेका चौकटीने मागे-पुढे सरकते, आणि वेग पावपटीपर्यंत कमी करता येतो. मोबाइलवर हे काम फार कष्टाचे होते, म्हणून अशा तपासणीसाठी संगणकच वापरावा असे मी सुचवेन. संथ गतीने पाहिले असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे दोन्ही हात चेंडूवर येतात याबद्दल शंकेला जागा उरत नाही. दुसरी गोष्ट आम्हाला कमी सोयीची आहे. त्याच सुमारास आमचा ब्राइस ब्राउन जेरोमच्या अगदी अंगाशी होता आणि त्याने जेरोमची जर्सी ओढली, म्हणून फाउल आधी झाला, असे व्हर्जिनियाचे चाहते म्हणतात. हे म्हणणे मी बरेच दिवस हसण्यावारी नेत असे. चौकट-चौकट पाहिल्यावर ते निदान ऐकून घेण्याजोगे आहे असे माझे मत झाले. ऑबर्नच्या खात्यावर तेव्हा इतके कमी फाउल होते की आणखी एक झाल्याने समोरच्याला फ्री थ्रो मिळणार नव्हते (यालाच शिल्लक फाउल म्हणायचे), आणि म्हणूनच आमचे खेळाडू मुद्दाम फाउल करून वेळ खाण्याच्या विचारात होते. ही पार्श्वभूमी छोट्या तुकड्यांतून कळणे अशक्य आहे.

अखेर १.५ सेकंद उरले असताना असा फाउल दिला गेला. रेषेबाहेरून आत आलेला चेंडू कोपऱ्यातल्या गायकडे गेला, त्याने फटका मारला, चेंडू पडला नाही, आणि आमचे काही खेळाडू जल्लोष करत मैदानात धावले. शिट्टी मात्र झालेली होती. आमच्या समीर डाउटीने फटका मारणाऱ्याला फाउल केल्याचा निर्णय झाला, घड्याळात ०.६ सेकंद होते, आणि गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले. दोन पडल्यावर ऑबर्नने टाइमआउट घेऊन त्याला थोडे ताटकळत ठेवले, त्याचाही उपयोग झाला नाही. या दुसऱ्या निर्णयावर आमच्याकडे आजही अधिक संताप आहे आणि माझ्या मते तो चुकीच्या जागी आहे. बचाव करणाऱ्याने सरळ वर उडी मारली तर त्याचे संरक्षण होते, पण फटका मारणाऱ्याच्या अंगाकडे झेपावून त्याला खाली उतरायला जागा ठेवली नाही तर तो फाउल ठरतो. व्हिडिओत डाउटी गायच्या अंगावर जाताना दिसतो. सामन्याच्या पहिल्या मिनिटाला हा फाउल देतात, तर शेवटच्या सेकंदालाही द्यायला हवा, आणि तो देण्याचे धैर्य त्या पंचाने दाखवले असे म्हणावे लागते. तक्रारीला खरी जागा आहे ती आधीच्या न झालेल्या शिट्टीबद्दल.

आता या सेवेत काय नाही तेही सांगितले पाहिजे. प्रेक्षकाला प्रक्षेपणात दाखवलेलाच कोन मिळतो आणि दुसरा कॅमेरा निवडण्याची सोय नाही. ज्या घटनेवर सर्व वाद आहे ती प्रामुख्याने लांबच्या कॅमेऱ्यातून पाहावी लागते. वादग्रस्त निर्णयानंतर संघटनेने कोणते स्पष्टीकरण दिले, कोणता नियम लागू होता, याची नोंद व्हिडिओसोबत असती तर एका अधिकृत संग्रहाला ते शोभले असते. जाहिरातींचा वेळ वगळलेला असल्यामुळे सामना दोन तासांच्या आत संपतो. बहुतेकांना ही सोयच वाटेल, मात्र सामन्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत प्रत्येकी चार वेळा येणाऱ्या दूरचित्रवाणीच्या टाइमआउटमध्ये चाहत्याचा जीव कसा टांगणीला लागतो, ते या आवृत्तीत राहत नाही. स्टुडिओतील चर्चाही नाही, आणि ऑबर्नवाल्यांना ती उणीव विशेष जाणवते, कारण त्या स्पर्धेत चर्चेच्या टेबलावर आमच्याच विद्यापीठाचा माजी खेळाडू चार्ल्स बार्कली बसत असे आणि निःपक्षपातीपणाचा आव आणण्याचे कष्ट तो मुळीच घेत नसे. जिम नॅन्ट्झ, बिल राफ्टरी आणि ग्रँट हिल यांचे इंग्रजी समालोचन मात्र सबंध ऐकता येते. राफ्टरी यांचा उत्साह प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यालाही गोड वाटावा असा आहे.

व्हिडिओ मागे-पुढे करताना एक विचार वारंवार येतो आणि त्याला या चॅनेलचा इलाज नाही. घरी बसलेला मनुष्य चौकटी सरकवून डबल ड्रिबलची खात्री करून घेतो. मैदानालगत पंचांसाठी मॉनिटर होता, शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणाला लागून बाहेर गेला यासारख्या गोष्टी ते त्यावर तपासू शकत होते, पण डबल ड्रिबल तपासण्याची परवानगी नियमांत नव्हती. २०२५–२६ च्या हंगामापासून पुरुषांच्या सामन्यांत प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क मिळाला, त्यातही बाहेर गेलेला चेंडू, बास्केटजवळील नियमबाह्य अडथळा आणि बास्केटखालील कमानीच्या आत उभा असलेला बचावपटू अशा मोजक्याच बाबी आहेत, डबल ड्रिबल नाही. आपल्याकडे डीआरएसची सवय झालेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण त्याच वर्षी, १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात ओव्हरथ्रोच्या सहा धावा दिल्या गेल्या, पाच द्यायला हव्या होत्या असे माजी पंच सायमन टॉफेल यांनी सांगितले, आणि तेथेही न्यूझीलंडला दाद मागण्याची सोय नव्हती. डबल ड्रिबलचा समावेश झाल्यास शेवटची दोन मिनिटे, जी आधीच पाव तास चालतात, आणखी लांबतील हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही एका सामन्यात एकदाच, शेवटच्या मिनिटापुरते असे आव्हान द्यायला काय हरकत आहे, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. पर्ल यांनी सामन्यानंतर पंचांवर खापर फोडण्याचे टाळले, आणि त्यांचा तो संयम चाहत्यांना मुळीच झेपला नाही.

सेवेच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात : नोंदणी लागत नाही आणि पैसे पडत नाहीत, यूट्यूबच्या नेहमीच्या जाहिराती सोसाव्या लागतात एवढेच. सामना शोधताना दोन्ही विद्यापीठांची नावे व वर्ष इंग्रजीत लिहावे आणि संघटनेच्या अधिकृत चॅनेलचा पूर्ण लांबीचा व्हिडिओच निवडावा, कारण त्याच नावाने कापलेले तुकडे आधी पुढे येतात. व्हिडिओच्या पट्टीवर सर्वाधिक पाहिलेला भाग उंचवट्याने दाखवण्याची जी सोय यूट्यूबवर असते, तिच्याकडे वादग्रस्त सामन्यात दुर्लक्ष करावे, कारण ती पाहणाऱ्याला नेमके जेथून बाहेर पडायचे तेथेच नेऊन सोडते. गुणफलक व प्रत्येक चालीची लेखी नोंद एनसीएएच्या संकेतस्थळावर निराळी मिळते. दोन्ही शेजारी उघडून पाहिल्यास समजायला सोपे जाते. बास्केटबॉलचे नियम नव्याने शिकणाऱ्या कोणालाही, त्याला या दोन्ही विद्यापीठांशी काही कर्तव्य नसले तरी, मी हा सामना सुचवेन, कारण डबल ड्रिबल, शिल्लक फाउल, फटका मारणाऱ्यावरील फाउल आणि फ्री थ्रोचे महत्त्व एवढे सगळे दहा सेकंदांत दाखवणारा धडा सहसा सापडत नाही.

ऑबर्न पुन्हा फायनल फोरला पोहोचला तो २०२५ मध्ये, सॅन अँटोनियोला, तेव्हा स्पर्धेतील सर्वोच्च मानांकन आमचे होते. मध्यंतराला आठ गुणांनी पुढे असूनही आम्ही फ्लोरिडाकडून ७९–७३ असे हरलो, कारण वॉल्टर क्लेटन या एकट्या खेळाडूने ३४ गुण केले आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हते. त्या सामन्यात चौकटी सरकवून शोधण्यासारखे काहीच नाही, आणि तो पूर्ण पाहण्याची इच्छा मला आजवर झालेली नाही.