पुणे–नागपूर विमानप्रवास: आठ महिन्यांनंतर

बाबांचं बायपास झाल्यापासून मी महिन्यातून दोनदा कोथरूडहून नागपूरला जाते. आठ महिन्यांत एक-दोनदा सोडलं तर प्रत्येक वेळी विमानानेच. तिकीट काढताना वेळ दिसते सव्वा ते दीड तास. घर ते घर मात्र मला पाच तास लागतात, आणि गणित त्याच आकड्यावर करायला हवं.

पुण्याचं लोहगाव विमानतळ ते नागपूरचं सोनेगाव विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे 605 किलोमीटर. विमान पूर्ण वेगात असतं तर हे पाऊण तासाचं काम. पण चढायला, उतरायला आणि धावपट्टीपर्यंत रांगत जायला वेळ लागतो, आणि तिकिटावरची वेळ हे सगळं धरून दिलेली असते. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, धावपट्टी एकच. त्यामुळे दार बंद झाल्यावरही वीस-वीस मिनिटं बसून राहिल्याचे प्रसंग आले.

खरा वेळ खातं ते पुणं. संध्याकाळी कोथरूडहून कॅबने लोहगावला जायचं तर सव्वा तास धरावाच लागतो. आता मी वनाझहून मेट्रोने रामवाडीला उतरते आणि पुढे रिक्षा करते. बॅग छोटी असेल तर हाच मार्ग, कारण मेट्रोला किती वेळ लागेल हे आधी माहीत असतं. जुलै 2024 पासून सुरू झालेलं नवं टर्मिनल ऐसपैस आहे, चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रामुळे शिरणंही पटकन होतं. परतताना मात्र कॅबसाठी एअरोमॉल, म्हणजे विमानतळाची पार्किंगची इमारत, गाठावी लागते. रात्री अकराला, डब्यांनी भरलेली पिशवी घेऊन, हे अंतर नकोसं होतं.

नागपुरात उलट. विमानतळ शहराला लागूनच, प्रतापनगरचं घर वीस मिनिटांवर. बॅग पट्ट्यावर यायच्या आधी बाबांचा फोन, "उतरली का तू? मी चहा ठेवून राहिलो."

उशिराचा अनुभव वाईट आहे. रात्रीची फ्लाइट चार वेळा रखडली, एकदा तर पावणेतीन तास, आणि कंपनीने पाण्याची बाटलीसुद्धा विचारली नाही. तेच विमान दिवसभर गावोगावी फिरत असतं, सकाळचा उशीर साठत साठत रात्रीच्या प्रवाशांवर येतो. उत्तरेत धुकं पडलं की डिसेंबर-जानेवारीत इथेही त्याची झळ लागते. म्हणून माझा आग्रह पहाटेच्या फ्लाइटचा. झोपमोड होते, पण तेव्हा रस्तेही मोकळे असतात.

दिवाळीत तिकीट परवडेना म्हणून वंदे भारतने गेले. रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते, त्यामुळे अंतर 881 किलोमीटर होतं आणि बारा तास जातात. दिवसाचा प्रवास, बसायला बरी, पण पूर्ण दिवस गेला. गाडीने सातशेच्या आसपास किलोमीटर आहे. संभाजीनगरपासून पुढे समृद्धी मिळते, तरी एकटीने चालवायला मी धजत नाही.

तुम्हाला महिनाभर आधी तारीख ठरवता येत असेल आणि सोबत म्हातारं माणूस नसेल, तर रेल्वेच घ्या, पैसे वाचतील. मला शनिवारी सकाळी बाबांच्या औषधांचा डबा भरायचा असतो आणि रविवारी रात्री परत यायचं असतं. त्या दोन दिवसांतले बारा तास रेल्वेला देणं मला जमत नाही. पुढच्या महिन्याची जायची तिकिटंही पहाटेचीच काढली आहेत.