हेडलाइटच्या आत पाणी: वाट पाहावी, सुकवावे, उघडून सील करावे की हेडलाइटच बदलावा?

पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी वापरणाऱ्यांना हेडलाइटच्या काचेवर आतून धरलेले दव कधी ना कधी दिसतेच. मग कोणी सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांगतो, कोणी सांध्यावरून सिलिकॉन फिरवून घ्यायला, कोणी तळाशी भोक पाडायला, आणि सर्व्हिस सेंटर नव्या हेडलाइटचा खर्च सांगून मोकळे होते. यांपैकी कोणता उपाय निवडावा हे ठरवण्याआधी आत पाणी नेमके किती आहे ते पाहावे, कारण निम्म्याहून अधिक निर्णय तेथेच होतो.

हेडलाइट हवाबंद नसतो आणि तसा असणे अपेक्षितही नाही. दिवा तापला की आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते आणि थंड झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते. यासाठी मागच्या बाजूला वाकडी रबरी नळी किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पातळ चकती असलेले ब्रीदर बसवलेले असतात. पावसाळी हवेबरोबर बाष्पही आत येते आणि रात्री काच थंड झाली की तिच्यावर जमते. हे बाष्प किती असू शकते याचा हिशेब सोपा आहे. 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते, म्हणजे 10 लिटर हवा मावणाऱ्या हेडलाइटमध्ये जेमतेम पाव ग्रॅम. ती हवा 20 अंशांपर्यंत थंड झाली, तरी काचेवर एखाद-दोन थेंबांइतकेच पाणी पातळ धुक्यासारखे पसरेल. याउलट तळाशी चमचाभर, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम पाणी साचलेले दिसत असेल, तर ते आतल्या एकूण बाष्पाच्या वीसपट आहे. ते हवेतून आलेले नाही, कोठून तरी थेट शिरलेले आहे. म्हणून काचेच्या एखाद्या कोपऱ्यात पसरलेले बारीक धुके आणि ओघळणारे थेंब या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवर दुसरीचा उपाय केला तर पैसे वाया जातात, आणि दुसरीवर पहिलीचा केला तर हेडलाइट हातचा जातो.

नुसते धुके असेल आणि दिवे लावून गाडी अर्धा तास चालवल्यावर ते विरत असेल, तर काहीही न करणे हाच माझ्या मते योग्य निर्णय आहे. एलईडी हेडलाइट असेल तर मात्र थोडा अधिक धीर धरावा लागतो. 55 किंवा 60 वॉटच्या हॅलोजन बल्बची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे येऊन काच तापवते, तर एलईडीची उष्णता मुख्यतः मागच्या हीट सिंककडे, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे, जाते आणि काच बराच वेळ थंड राहते. त्यामुळे जुन्या हॅलोजन गाडीच्या तुलनेत नव्या, महागड्या गाडीत दव जास्त वेळ टिकलेले दिसले, तर एवढ्यावरून तिच्यात दोष आहे असे समजू नये.

धुके दिवसेंदिवस जात नसेल, तर पैसे खर्च करण्याआधी बॉनेट उघडून हेडलाइटची मागची बाजू पाहावी. माझा सर्वाधिक भर याच पायरीवर आहे, कारण ती जवळजवळ फुकट आहे आणि दोष बहुधा येथेच सापडतो. बल्ब बदलताना मागचे रबरी टोपण नीट बसवले गेलेले नसते, त्याची कड दुमडलेली असते, किंवा जास्त उजेडाच्या हौसेने बाहेरून बसवलेल्या एलईडी बल्बचा पंखा मागे आल्यामुळे टोपण कापलेले वा काढूनच ठेवलेले असते. ब्रीदरची नळी निसटलेली किंवा चिखलाने बुजलेली असणे हेही नेहमीचे कारण आहे. ब्रीदर बुजला की आतले बाष्प बाहेर पडत नाही, शिवाय तापलेला दिवा साचलेल्या पाण्यात शिरून एकदम थंड झाला की आत निर्माण होणारी ओढ मिळेल त्या फटीतून पाणी खेचते. नवे टोपण किरकोळ किमतीत मिळते. चांगला ब्रीदर मात्र आत येणारी हवा थांबावी म्हणून कोणीही सीलबंद करू नये.

आतला ओलावा घालवण्याच्या पद्धतींत फरक आहे. टोपण काढून, कोरड्या दिवशी, गाडी काही तास उन्हात उभी करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, अंतर राखून चालवता येतो. पेंट काढण्याची हीट गन मात्र वापरू नये, कारण काच म्हणून आपण जी ओळखतो ती पॉलिकार्बोनेटची असते आणि ती व मागचा प्लॅस्टिकचा साचा दोन्ही वेडेवाकडे होऊ शकतात. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण चतुर्थांश ते तृतीयांश ओलावा धरते, म्हणजे 5 ग्रॅमची पुडी दीड ग्रॅमच्या आसपास. उरलेले दव टिपायला ती पुरते, पण गळती चालू असेल तर थोड्याच दिवसांत तृप्त होऊन निरुपयोगी ठरते. पुडी ठेवायचीच असेल तर बल्बपासून दूर, टोपणाच्या आतल्या बाजूस पक्की चिकटवावी आणि काही दिवसांनी काढून घ्यावी. कायमचा उपाय म्हणून तिच्यावर विसंबू नये. भोक पाडण्याचा सल्ला तर कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये. पाणी त्यातून एकदा बाहेर येईल, पण पुढच्या प्रत्येक पावसात तेथूनच पाणी आणि धूळ आत जाईल, आणि वॉरंटी असेल तर तीही नाकारली जाण्याचे आयते कारण मिळेल.

टोपण आणि ब्रीदर ठीक असूनही थेंब ओघळत असतील, तर काच आणि साचा यांच्यातला सांधा सुटलेला असतो किंवा साच्याला तडा गेलेला असतो. येथे खरी निवड आहे: उघडून सील करणे की बदलणे. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही. कोणालाही हात न लावू देता, पाणी दिसत असतानाचे फोटो काढून सर्व्हिस सेंटरला जावे. केवळ धुक्यासाठी ते हेडलाइट बदलून देणार नाहीत, साचलेल्या पाण्यासाठी मात्र आग्रह धरावा. अपघात झालेला नसेल तर विम्याकडून अपेक्षा ठेवू नये. धडक बसून सांधा सुटला असेल तर दावा करता येतो, पण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो आणि दावा केल्यावर नो क्लेम बोनसही जातो, तेव्हा हाती येणारी रक्कम आणि गमावला जाणारा बोनस शेजारी मांडूनच ठरवावे.

वॉरंटी संपलेल्या हॅलोजन गाडीत सील करून घेण्याकडे माझा कल आहे. अशा अनेक हेडलाइटचा सांधा ब्यूटाइल या चिकट रबरी पदार्थाने भरलेला असतो. तो उष्णतेने मऊ होतो, काच अलग करता येते, जुना थर खरवडून नवी ब्यूटाइलची दोरी खाचेत बसवता येते. खर्च मुख्यतः मजुरीचा असतो आणि काम करणाऱ्याच्या हातावर सगळे अवलंबून असते. त्याला दोन गोष्टी आधी विचाराव्यात. पहिली, तो सांध्यात काय भरणार आहे. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे साधे सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडते, आणि आतल्या रिफ्लेक्टरवरचा अॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ मुलामा त्याने खराब होऊ शकतो. दुसरी, तो रिफ्लेक्टर पुसणार आहे का; उत्तर होकारार्थी आले तर दुसरे गॅरेज शोधावे, कारण साध्या फडक्यानेही त्या मुलाम्यावर ओरखडे उमटतात. हे काम ऐन आषाढात करून घेणे टाळावे, कारण तेव्हाच्या दमट हवेत उघडलेला दिवा आतून नीट सुकत नाही. टोपण सुधारून पावसाळा काढता येत असेल तर दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत किंवा मे महिन्याच्या उन्हात काम अधिक चांगले होते.

एलईडी हेडलाइटचे गणित वेगळे आहे. त्यांपैकी अनेकांचा सांधा कडक होणाऱ्या गोंदाने जोडलेला असतो. तो उष्णतेने सुटत नाही आणि कापावा लागतो. आत इलेक्ट्रॉनिक भाग असतात, आणि ओलाव्याने ते बिघडले तर नुसते सील करून काही साधत नाही. छोट्या हॅलोजन गाडीचा हेडलाइट काही हजारांत मिळतो, तर एलईडीचा पूर्ण संच दहा-वीस हजारांच्या पुढेही सहज जातो, त्यामुळे उघडून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही असा दिवा पूर्वी उघडल्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला कारागीर नसेल तर तो मोह आवरावा. रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडला असेल किंवा सोलला असेल, तर हॅलोजन असो वा एलईडी, बदलण्यावाचून पर्याय नाही. असा दिवा लागलेला दिसतो, पण रस्त्यावर उजेड पडत नाही, आणि विखुरलेल्या प्रकाशाने समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. मुंबई–गोवा महामार्गावर पावसाळी रात्री प्रवास करणाऱ्याने ही जोखीम घेऊ नये.

बदलायचाच असेल तर कंपनीचा सुटा भाग महाग पडला तरी त्याचा सांधा आणि ब्रीदर यांची खात्री अधिक असते. स्वस्त नकली हेडलाइट पहिल्याच पावसात पुन्हा पाणी धरू शकतो. भंगार बाजारातला अस्सल पण वापरलेला हेडलाइट मधला मार्ग ठरू शकतो, मात्र त्याचे स्क्रू अडकवण्याचे कान तुटलेले नाहीत आणि काच एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली नाही, हे उजेडात नीट तपासावे. परदेशातून ऑनलाइन मागवताना आणखी एक पाहावे: आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून लो बीमचा वर चढणारा भाग डावीकडे, रस्त्याच्या कडेला असतो, उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेल्या दिव्यात तो उजवीकडे, म्हणजे नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. कोणताही हेडलाइट काढून पुन्हा बसवला, मग तो जुना असो वा नवा, की गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून बीमची उंची जुळवून घ्यावी.